वहिनींच्या मापाची सायकल

११ जानेवारी

भाऊजींना नमस्कार.

पाकिटावरच्या अक्षरावरून पत्र कोणाचं ते ओळखलं असेलच. तरीही उघडलंत, बरं वाटलं. आधी फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला. फोनवर समोरचा माणूस गप्प बसला की मला पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. पत्राचं बरं असतं. तुमच्या सायकलच्या दुकानात काउंटरवर चार दिवस पडून राहिलं तरी कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

तुमच्या दादाला जाऊन आता आठ महिने झाले. त्या दिवशी तुम्ही फाटकापाशी उभे होतात ते मी पाहिलं होतं. आत याल म्हणून वाट बघितली. पुन्हा वळून बघितलं तेव्हा तुमची पाठ दिसली. त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. काम वेगळंच आहे.

मला सायकल घ्यायची आहे. बाजारात जायची नव्हे, डोंगरातल्या पायवाटेवर चालवायची. हसू नका. मी चोपन्न वर्षांची आहे, गुडघे शाबूत आहेत, आणि दवाखान्यात दिवसभर बाह्यरुग्ण विभागातून प्रयोगशाळेपर्यंत इतक्या फेऱ्या होतात की दम तरी नक्की आहे. सायकल येते. लहानपणी बहिणीला मागे बसवून शाळेत जायची.

हे दर रविवारी सकाळी त्यांच्या मंडळींबरोबर वरच्या टाकीपर्यंत जायचे. पाणीपुरवठ्यातल्या माणसानं सुट्टीच्या दिवशीही टाकीच बघायला जावं, यावरून मी त्यांची चेष्टा करायची. दर शनिवारी विचारायचे, "उद्या येतेस?" मी म्हणायची, "पुढच्या रविवारी." अशी किती वर्षं गेली ते मोजत नाही. आता जावंसं वाटतंय. कारण विचारलंत तर धड सांगता येणार नाही.

ह्यांची सायकल मागच्या खोलीत भिंतीला टांगलेली आहे. मी बसून बघितलं, पाय टेकत नाहीत. ती कापून वगैरे लहान करता येते का? नाहीतर कुठली घ्यावी? इथला दुकानदार मला बघून पुढे टोपली असलेली दाखवायला लागला.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

तुमची
वहिनी


२२ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

फ्रेम कापता येत नाही. ती पॅन्ट नव्हे. कोणी करून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नका. दादाची सायकल आहे तिथेच असू द्या. दोन महिन्यांतून एकदा चाकात हवा भरा, नाहीतर टायर भेगाळतील.

आता तुमच्या सायकलचं. डोंगरात चालणाऱ्या सायकली ढोबळमानानं तीन जातीच्या. एक हलकी, चढाला पळते, उताराला हाडं खिळखिळी करते. दुसरी जड, उतारासाठीच केलेली, ती वर न्यायला गाडी लागते. तिसरी या दोघींच्या मधली. स्वतःच्या पायांनी चढायचं आणि धडपणे खाली यायचं, अशा माणसासाठी. तिला ऑल-माउंटन म्हणतात. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांना सस्पेन्शन. चाक दगडावर आदळलं की साधारण चौदा सेंटिमीटर आत दबतं आणि धक्का तुमच्या पाठीपर्यंत येत नाही. तुम्हाला तीच लागेल.

पण आधी वाट कशी आहे ते कळायला हवं. लोक सायकल आधी घेतात आणि वाट नंतर बघतात. त्या टाकीपर्यंत एकदा चालत जा. दगड सुटे आहेत की रुतलेले, मुळं आडवी येतात का, पायऱ्यांसारखे टप्पे आहेत का, असले तर केवढे, ते लिहा. गुडघ्याएवढे की घोट्याएवढे. सायकल मी इथे बांधून पाठवीन. तिथल्या टोपलीवाल्याकडे जाऊ नका.

दिवसभर हात ग्रीसमध्ये असतात, म्हणून फोनपेक्षा पत्रच बरं.

भाऊजी


३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर दवाखान्यात जायच्या घाईत आलं. ते उभ्यानं वाचलं आणि पहिलाच पेशंट चुकीच्या खोलीत पाठवला. खरं म्हणजे उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

परवा रविवारी चालत गेले. सांगितल्याप्रमाणे वही घेऊन. सुरुवातीला मातीचा रुंद रस्ता, मग झाडीत शिरणारी एकच पायवाट. तिथे मुळं आहेत, आडवी, माझ्या मनगटाएवढी जाड. पुढे खडकाचे सात टप्पे, सगळे घोट्याएवढे, एक मात्र जवळपास गुडघ्याला लागतो. शेवटचा चढ मुरमाचा. बुटाखाली गोल खडे फिरतात. मी तिथे दोनदा बसले. एकदा ठरवून, एकदा आपोआप.

वाटेत ह्यांची मंडळी भेटली. दातांचे डॉक्टर, एक बेकरीवाल्या बाई, विजेची कामं करणारे एक गृहस्थ. मी ओळख सांगितली तर तिघंही एकदम सायकलवरून उतरली. डॉक्टर काहीतरी बोलणार होते. बाईंनी त्यांच्या कोपराला हात लावला आणि ते गप्प झाले. काय ते मी विचारलं नाही. कोणाला काही सांगायचं नसेल तर कपाळावर कशी आठी पडते ते मला नोकरीनं शिकवलंय.

विजेवाले म्हणाले, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली घ्या, हलकी पडते, देखभालही कमी. बाई म्हणाल्या, अजिबात नको. तुमचं म्हणणं काय? आणि रंग कुठलाही चालेल, पण काळा नको.

वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनी,

विजेवाल्यांचं म्हणणं विशीतल्या माणसासाठी बरोबर आहे. मुळं आणि सात टप्पे म्हणजे मागेही सस्पेन्शन हवंच. बेकरीवाल्या बाईंचं ऐका.

सायकल बांधून झाली. हिरवी आहे, शेवाळासारखी. खोक्यात हँडल आडवं करून ठेवलंय आणि पुढचं चाक काढलंय. सोबतच्या कागदावर क्रम लिहिला आहे. इंजेक्शन देणाऱ्या हातांना ते जड जाऊ नये. चाकाची दांडी घट्ट करा, पण अंगावर जाऊन आवळू नका.

मग बसवणूक. नवी सायकल म्हणजे नवा बूट. घातल्याबरोबर चालायला लागलं की चावतो. आधी नुसतं बसा. भिंतीला हात टेकून, डोंगरात घालाल तेच कपडे, पाठीवर पाण्याची पिशवी, सगळ्यासकट. मागच्या शॉकवर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या नळीवर, एक रबरी कडी आहे. ती सरकवून तळाशी आणा, सावकाश बसा, सावकाश उतरा. तुमच्या वजनानं कडी एकूण लांबीच्या पावभागापेक्षा थोडी जास्त सरकायला हवी. कमी सरकली तर आतली हवा सोडा, फार सरकली तर भरा. मी अंदाजानं भरून ठेवली आहे.

टायरमध्ये ट्यूब नाही, आत चीक ओतलेला आहे. बारीक काटा शिरला तर आपोआप बुजतो. पंपाच्या काट्यावर पुढे बावीस, मागे पंचवीस हवा ठेवा. रस्त्यावरच्या सायकलसारखी टणक करू नका, खड्यांवर घसराल.

सीटचा दांडा हँडलवरच्या खटक्यानं खाली जातो. उतार आला की सीट खाली, अंग मागे. हँडल दोन्ही बाजूंनी थोडं कापलंय, तुमच्या खांद्याला रुंद झालं असतं. डावा ब्रेक मुठीच्या बराच जवळ आणलाय आणि मऊ ठेवलाय, म्हणजे त्या मनगटावर ताण येणार नाही. एका बोटानं दाबा. चार बोटांनी दाबायची सवय असेल तर मोडा.

पहिले दोन आठवडे मातीच्या रस्त्यावरच.

भाऊजी


१ मार्च

भाऊजी,

सायकल आली. खोकं दारातून आत येईना, तेव्हा अंगणातच उघडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोणासाठी हो?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्यांनी पदर खोचला. मग हँडल धरायला आल्या.

कागदाप्रमाणे सगळं केलं. कडी तुम्ही सांगितलं तेवढीच सरकली, एक पंपही हवा भरावी लागली नाही. पाय टेकतात, कोपर नीट वाकतात, पाठ दुखत नाही. मातीच्या रस्त्यावर चार वेळा जाऊन आले. एकदा पडले, पण उभी असताना, वेग शून्य. त्याला पडणं म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

एक विचारायचं होतं. दोन दिवस ठेवून दिलं, पण राहवत नाही. तुम्ही माझी उंची विचारली नाहीत, वजन विचारलं नाहीत. मीही लिहायचं विसरले आणि नंतर आठवलं तेव्हा वाटलं, आता सायकल चुकीची येणार. ती तर अंगासाठी शिवल्यासारखी आली. बरं, तेही सोडा, तुम्ही मला पूर्वी बघितलंय, नजर तयार असेल. पण मनगट? जिन्यावरून पडून माझं डावं मनगट मोडलं त्याला तीन वर्षं झाली. तुमचं येणंजाणं त्याआधीच बंद झालं होतं.

तुमच्या ताई, आमच्या वन्सं, तुमच्याशी बोलत असतील असं मी धरून चालले. तसं असेल तर मला आनंदच आहे. निदान एक तरी दार उघडं होतं म्हणायचं. त्यांना सांगा, मी मनातल्या मनातही रागावले नाहीये.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

ताईचा यात काही संबंध नाही. ती माझ्याशीही वर्षातून एकदाच बोलते.

हे तुम्हाला लिहावं की नाही यात आठवडा घालवला. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तुमची मापं माझ्याकडे वर्षभरापासून आहेत. दादानं आणून दिली होती.

मागच्या वर्षी जानेवारीत तो दुकानात आला. सकाळची वेळ, दोन गिऱ्हाइकं उभी. मी एका चाकाच्या तारा सरळ करत होतो. सावलीवरून ओळखलं. तो म्हणाला, "काम होतं रे एक." मी मान वर केली नाही. म्हटलं, "दुकान बंद आहे." शटर पूर्ण वर होतं, दिवे चालू होते, गिऱ्हाइकं बघत होती. तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं खिशातून एक कागद काढून चाकाच्या स्टँडखाली सरकवला आणि गेला. मी चाक फिरवत राहिलो. ते केव्हाच सरळ झालं होतं.

कागद मी संध्याकाळी वाचला. त्यात लिहिलं होतं:

"हिच्यासाठी सायकल. उंची १५९, पायाची आतली लांबी ७४, वजन ६१. डावं मनगट मोडून जुळलंय, थंडीत दुखतं. वाट टाकीची. हिला सांगितलेलं नाही, आणून दारात उभी करायची आहे. घाबरते, पण सांगणार नाही."

मी ठरवलं होतं, की पुन्हा आला तर घेईन हे काम. पुन्हा यायला लावायचं, एवढंच डोक्यात होतं. सहा वर्षं तो पत्रं पाठवायचा, ती मी न उघडता परत करायचो. एकदा जास्त यावं, वाट बघावी, असं वाटलं. मेमध्ये ताईचा फोन आला की तो ऑफिसात खुर्चीतच गेला.

फाटकापर्यंत आलो होतो. तुम्ही बघितलंत. आत कुठल्या तोंडानं आलो असतो?

बाबांचं तुम्हाला माहीतच आहे. बाबा तुमच्याकडे दोन दिवस आजारी होते आणि मला कळवलं नाही. मी सायकलच्या स्पर्धेत होतो. स्पर्धा संपवून मेडल गळ्यात घालून बसस्टँडवर आलो तेव्हा बाबा गेल्याचा ताईचा निरोप मिळाला. तिसरा आलो होतो. दादा दारातच म्हणाला, "मीच ठरवलं होतं, तुला न कळवायचं." त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं काढली. आज ते वाक्य तेवढं मोठं वाटत नाही. कागद मात्र रोज मोठा होत जातो.

सायकल तुमच्या दारात वर्षभर आधी उभी राहिली असती. ती मीच राहू दिली नाही.

भाऊजी


२० मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी मागच्या खोलीत जाऊन बसले. कोणावर रागावायचं ते ठरेना. तुमच्यावर रागावायला निघाले आणि अर्ध्या वाटेत माझ्यावरच आले. आता मी लिहिते ते शेवटपर्यंत वाचा, मग काय करायचं ते करा.

बाबांचं तुम्हाला न कळवणं ह्यांनी ठरवलं नव्हतं. मी ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी बाबांच्या पोटात दुखायला लागलं. ताप थोडा. आमच्याच दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले, पित्ताशयाला सूज दिसते, ठेवून घेऊ, बघू. हे लगेच तुम्हाला फोन लावायला निघाले. आयोजकांचा नंबर होता ह्यांच्याकडे. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "त्याची वर्षभराची मेहनत आहे. उद्या संपतेय ना स्पर्धा? संपली की सांगू. घाबरण्यासारखं काही नाही." बाबा तेव्हा उठून बसले होते, माझ्याशी बोलत होते, तुमचा नंबर कितवा लागेल यावर ह्यांच्याशी वाद घालत होते. मी पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. घरात माझ्या शब्दाला डॉक्टरच्या खालोखाल मान. हे थांबले.

नाडी जरा जलद होती. ती मी मोजली होती. मोजून मनाशी म्हटलं, दवाखान्यात यायच्या दगदगीनं झाली असेल. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. दुसऱ्या पेशंटची असती तर मी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं असतं. घरच्या माणसाचं वाईट होईल असं मला मानायचंच नव्हतं. शनिवारी सकाळी सव्वाअकराला बाबा गेले.

तुम्ही दारात आलात तेव्हा हे बोलले, "मीच ठरवलं." मी मागे पाण्याचा पेला घेऊन उभी होते. एक पाऊल पुढे टाकून म्हणायला हवं होतं, "नाही, मी." एवढे दोन शब्द. मी पेला धरून उभी राहिले. नंतर ह्यांना म्हटलं, मी जाऊन सांगते त्याला. हे म्हणाले, "राहू दे, निवळेल तो. तुझ्यावर चिडला तर तुझ्याशीही बोलणं जाईल." मला ते सोयीचं वाटलं. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. तुमच्याकडून परत आलेली पाकिटं हे कपाटात ठेवायचे आणि मी त्यावर चादरी रचायची.

तुम्ही चुकीच्या माणसाला दुकान बंद आहे म्हणालात. बरोबर माणूस तेव्हा घरी बसला होता.

सायकल परत हवी असेल तर कळवा. खोकं ठेवलंय.

वहिनी


२९ एप्रिल

भाऊजी,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा धरायचा मला हक्कही नाही. हे पत्र फक्त सायकलबद्दल आहे, तेवढं वाचलंत तरी चालेल.

झाडीतल्या वाटेवर जायला लागले. मुळांवरून जमतं. पण टप्प्यांवरून उतरताना मागून खाडकन आवाज येतो आणि हादरा कमरेत बसतो. कडी शेवटपर्यंत सरकलेली असते. आधी असं नव्हतं. काही मोडलं असेल का? की माझंच चुकतंय?

वहिनी


१४ मे

(खोक्यात, छोट्या हातपंपाभोवती गुंडाळलेला कागद)

मोडलेलं नाही. भिंतीपाशी बसून ठरवलेली हवा टप्प्यांना पुरत नाही. मागच्या शॉकमध्ये १४५ पर्यंत भरा. हा पंप त्याचाच, टायरचा वापरू नका. आणि टप्प्यावरून उतरताना सीटवर बसू नका, पॅडलवर उभं राहायचं, गुडघे सैल. तुम्ही बसून राहता म्हणून आपटतं.


३० जून

भाऊजी,

पंप मिळाला, भरलं, आवाज गेला. कागद पाठपोट चारदा वाचला, दुसरं काही लिहिलंय का म्हणून. नव्हतं. तरी अक्षर तुमचंच होतं, तेवढ्यावर हे लिहिते.

परवा रविवारी टाकीपर्यंत गेले. सगळीच्या सगळी वाट नाही. गुडघ्याएवढ्या टप्प्यावर उतरून सायकल खांद्यावर घेतली आणि मुरमाच्या चढावर ढकलली. पण पोचले. मंडळी वर थांबली होती. दातांच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आला शेवटी पुढचा रविवार."

मग सगळेच ओशाळले. बेकरीवाल्या बाईंनी सांगितलं. माझी वाट बघून बघून मंडळींनी ह्यांचं नावच पाडलं होतं, "पुढचा रविवार". हे वर येताना दिसले की म्हणायचे, आला पुढचा रविवार. ह्यांना राग नव्हता. बाईंनी विचारलं होतं, "कशाला दर वेळी विचारता?" तर म्हणाले, "विचारायचं थांबलो तर तिला वाटेल, आता नकोय मी."

मी हसले सगळ्यांबरोबर. मला वाटलं होतं, वर काहीतरी असेल. इतकी वर्षं माणूस उगीच का जातो? तिथे काही नाही. एक टाकी आहे, गंजलेली शिडी आहे, खाली गावाची छपरं दिसतात. हे लोक दहा मिनिटं बसतात, कोणाचा पाय दुखतो, कोणाचा जावई कसा आहे, एवढं बोलतात आणि उतरतात. म्हणजे मला वर काही बघायचं राहिलं नव्हतंच. फक्त ती दहा मिनिटं ह्यांच्या शेजारी बसायचं राहिलं.

उतरताना दोन्ही ब्रेक एकेका बोटानं दाबले. मनगट दुखलं नाही.

वहिनी


१८ जुलै

वहिनी,

चार महिने उत्तर दिलं नाही. रागानं, हे खरं आहे. तुमचं मार्चचं पत्र वाचून मी ते हातोड्यांच्या खणात टाकलं. वाटलं, दोघांनी मिळून मला वेडा बनवला. मग तुमचं त्या खाडकन आवाजाचं पत्र आलं. पहिल्यांदा मनात आलं, आपटू दे. दुसऱ्या मिनिटाला दुकान उघडं टाकून पंपाचं पार्सल करायला गेलो. तेव्हा कळलं, की तुमच्यावर आपल्याला धड रागावताही येत नाही.

तुम्ही फोन लावू दिला असतात तर मी स्पर्धा सोडून आलो असतो का? इतकी वर्षं मी हो म्हणत आलो. आता खात्री नाही. पहिल्या दिवशी मी दुसरा होतो. "ठेवून घेतलंय, बघू म्हणतात" एवढंच कळलं असतं तर कदाचित मीच म्हटलं असतं, उद्या संपवून येतो. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही दोन शब्द बोलायला हवे होते, ते हवेच होते. आणि मी मान वर करायला हवी होती. या दोन्हींतलं काही आता दुरुस्त होणारं नाही. माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो, हा भाग बदलून मिळेल, हा मिळणार नाही. सांगायला सोपं असतं.

आता दुसरी गोष्ट. दीड महिना माझ्या पोटात उजवीकडे दुखतंय. दुर्लक्ष करत होतो. मागच्या आठवड्यात वाकून चाक बसवताना उठताच येईना. तपासलं. पित्ताशयात खडे आहेत, सूजही आहे. डॉक्टर म्हणतात, काढून टाकू, साधं ऑपरेशन आहे. बाबांचंही साधंच होतं.

सोनोग्राफीचा आणि रक्ताचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. तुम्ही वाचा. नाडीही मोजून घेतली आहे, कोपऱ्यात लिहिली आहे. काय वाटतं ते सांगा, चांगलं असो, वाईट असो. मला दुसऱ्या कोणाचं मत नको आहे.

दादा असता तर त्याला लिहिलं असतं, असं इथे लिहायला घेतलं होतं. खोडलं. तो असता तर मी त्यालाही लिहिलं नसतं. मी काय माणूस होतो ते मला आता माहीत आहे.

ऑपरेशन अठ्ठावीसला सकाळी नऊ वाजता. घरचं एक माणूस बरोबर लागतं म्हणाले, सही करायला आणि बाहेर थांबायला. दवाखान्याच्या कागदावर नाव विचारलं तेव्हा मी तुम्हाला न विचारताच तुमचं सांगितलं. नातं विचारलं, वहिनी म्हटलं. ती बाई म्हणाली, सख्खं कोणी नाही का? मी म्हटलं, सख्खीच आहे.

सत्तावीसला सकाळी बस पोचते. मी स्टँडवर उभा असेन. यायला जमेल का?

तुमचा
भाऊजी